रोज वेगळ्या वाटेने

नीलिमाला तीन रात्री झोप नव्हती, आणि कारण काय, तर मुलीच्या शाळेच्या फॉर्ममधला एक रकाना : वडिलांचा व्यवसाय. मला हे ठाऊक आहे, कारण पंख्याने उडू नये म्हणून तो फॉर्म माझ्याखालीच दाबून ठेवला होता. चौथ्या दिवशी सकाळी तिने ‘सरकारी नोकरी’ असं लिहिलं. मग ‘सरकारी’ खोडलं. मग खोडलेला शब्दच लोक आधी वाचतात हे लक्षात आलं आणि डोक्याला हात लावून बसली. फोन नंबरचा रकाना तर तिने कोराच ठेवला.

मी एक पाण्याची बाटली बोलतेय. शाळेतल्या पोरांकडे असते तशी रंगीत, नळीवाली नव्हे. ॲल्युमिनियमचं चपटं अंग, वर हिरवट बनातीचं जाड आवरण, साखळीला अडकवलेलं बूच. आवरण भिजवलं की आतलं पाणी गार राहतं. जंगलात राहून आलेली वस्तू शूर असणार असं लोकांना वाटतं. माझं तसं नाही. मी तिथे भीतीच शिकले, आणि चांगली मन लावून शिकले.

कारखान्यातून एका दिवसात माझ्यासारख्या शेकड्यांनी बाहेर पडल्या. त्यांतली मी हैदराबादला आले आणि गिरीशच्या कमरेला लागले. गिरीश पोलीस अधिकारी. सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरातला. वडील, आजोबा, काका, सगळे कचेरी नाहीतर कोर्ट. खाकीत गेलेला हा एकटाच. त्याच्या तुकडीचं काम म्हणजे जंगलात जाऊन दलमशी लढणं. दलम म्हणजे बंदुका घेऊन जंगलात राहणाऱ्या बंडखोरांचा जथा, आठ-दहा जणांचा.

नव्या जवानांना शिकवताना तो मला टेबलावर ठेवायचा.

“ते दहा, आपण हजार. तरी मार आपणच का खातो?”

आणि उत्तरही तोच द्यायचा.

“कारण आपण कुठून येणार ते त्यांना माहीत असतं. रस्ता तोच, जीप तीच, वेळ तीच. सुरुंग पेरायला अजून काय पाहिजे? म्हणून जीप नक्को. आठ-आठ जणांनी चालायचं. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. आणि ही बघा.” तो मला उचलून हलवायचा. माझ्या पोटात डुचमळ व्हायची. “अर्धी बाटली वाजते. शंभर पावलांवरून ऐकू जाते. एक पूर्ण संपवा, मगच दुसरी उघडा.”

तेव्हापासून मला अर्धी राहायची भीती बसली.

एप्रिलात त्या जंगलात पाणी तीनच ठिकाणी असतं. आम्हाला ते ठाऊक, त्यांनाही ठाऊक. त्यामुळे पाणवठा ही तिथली सगळ्यात धोक्याची जागा. ज्याच्यासाठी आपण जन्माला आलो ते भरायला जायचं तर मरण समोर, हे माझ्यासारखीला किती लागत असेल!

एकदा आम्ही तीन दिवस चाललो. मी कोरडी ठणठणीत. तुकडीत उमाजी नावाचा जवान होता, आदिलाबादकडचा, मराठी बोलणारा. एका गावाच्या कडेला एक बाई घागर घेऊन आली, आमच्याकडे न बघता ती खाली ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

“साब, ती स्वतःहून देतेय,” उमाजी म्हणाला. “दोनच घोट. जीभ टाळूला चिकटली.”

“नाही.”

“विष घातलं असेल काय तिनं?”

“ती कशाला घालेल? पण आपण पिऊन जाऊ, उमाजी. उद्या दलम येईल आणि तिला विचारेल, पोलिसांना पाणी कुणी पाजलं? तेव्हा आपण कुठे असू?”

“बराकीत,” उमाजी म्हणाला. “नळाखाली.”

“तेच.” गिरीश पुढे निघाला. चालता चालता म्हणाला, “ज्या दिवशी आपण गेल्यावरही ती नीट झोपेल ना, त्या दिवशी आपण जिंकलो. तोवर नुसतं चालायचं.”

आम्ही निघालो. घागर तिथेच राहिली आणि तिच्याभोवती आमच्या बुटांचे ठसेही. पाणी प्यायलो नव्हतो, पण ठसे काही सांगत नाहीत, प्यायले की नाही ते. पुसायला कुणी थांबलं नाही. त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी अजून तिला घाबरते, म्हणजे तिच्यासाठी घाबरते.

त्याच संध्याकाळी वायरलेसवर बातमी आली. गिरीशच्या बरोबरचा अधिकारी, उदय, दमलेल्या माणसांना घेऊन जीपने परतत होता. गेले होते त्याच रस्त्याने. फक्त सहा मैल राहिले होते, तेव्हा सुरुंग फुटला. गिरीश खडकावर मटकन बसला आणि मी त्याच्याखाली सापडले. माझ्या अंगावरचा पोचा तो. लोकांना वाटतं लढाईतला आहे.

पोचा आला म्हणून मला निकामी ठरवलं गेलं. गिरीशची बदली शहरातल्या ट्रेनिंग सेंटरवर झाली आणि मी त्याच्या सामानातून कुकटपल्लीच्या फ्लॅटवर आले.

तिथे सगळं नवीन होतं. रोज एक इमारत उगवायची. गच्च्यांवर डिश अँटेना, रस्त्यावर परदेशी थंड पेयांच्या पाट्या, माणसं नवी नवी गाडी घेऊन उगाच फेऱ्या मारणारी. सगळ्यांना वाटत होतं, आता चांगले दिवस येणार. गिरीशच्या बायकोला, नीलिमाला मात्र वाटत होतं, आता कुणीतरी येणार.

याला कारण गिरीशच. जेवताना एकदा सहज म्हणाला होता, “थोडं सांभाळून राहा. वेळ बदलत जा, वाट बदलत जा. मी काय काम करतो ते कुणाला सांगू नका.” तो बोलून विसरला. नीलिमाने त्याचं वेळापत्रक केलं. लेकीला, केतकीला लुनावरून शाळेत सोडायच्या-आणायच्या तीन वाटा : एक देवळावरून, एक कारखान्यांच्या गल्लीतून, एक मोठ्या रस्त्याने. वेळाही तीन : लवकर, बरोबर आणि उशिरा. केतकी पहिलीत. ती शाळेत एकतर शिपायाच्या आधी पोचायची, नाहीतर प्रार्थना संपल्यावर.

“अहो, आज तो भाजीवाला दोनदा दिसला.”

“भाजी विकत होता ना?”

“हो.”

“मग?”

“तेच तर म्हणते मी. मग?”

गिरीश हसायचा. नीलिमाही हसायची, स्वतःलाच. “मला वेड लागलंय,” म्हणायची, आणि उठून कडी लागली आहे का ते बघून यायची.

केतकीला तिने पढवून ठेवलं होतं. कुणी विचारलं बाबा काय करतात? नाही सांगायचं. घर कुठे? नाही सांगायचं. कुणी खायला-प्यायला दिलं? नाही घ्यायचं. आणि एवढं करून तिच्या गळ्यात मला अडकवलं! म्हणजे केतकीनेच हट्ट धरला होता, “बाबांचीच बाटली पाहिजे.” माझ्या आवरणावर सरकारी नंबर होता. नीलिमाने सुलतान बाजारातून फुलाफुलांचं कापड आणून त्यावर ठिगळ शिवलं. वर्गातली पोरं तरी चिडवायचीच, “ए मिलिट्री, गोली मारती क्या?”

मग तो गुरुवार आला. दहाच्या सुमारास बातमी पसरली की जंगलात चकमक झाली, दलमची माणसं मेली, त्यांच्या बाजूच्यांनी बंद पुकारलाय. शाळेने साडेदहालाच मुलं सोडली. फाटकापाशी रिक्षांची झुंबड. ज्यांचे नंबर होते त्यांच्या घरी फोन गेले. केतकीच्या नावापुढे नंबर नव्हता. आयाने विचारलं, “घर किधर है बेटा?” केतकीने मान हलवली. आया दुसऱ्या मुलाकडे वळली, तेवढ्यात केतकी गर्दीबरोबर बाहेर पडली.

आणि तिला घरची वाट येत नव्हती. तीन वाटा येत होत्या, म्हणजे एकही येत नव्हती. देवळापर्यंत ती बरोबर गेली. तिथून तिला मोठ्या रस्त्याची पाटी आठवली. मग कारखान्यांची गल्ली दिसली तशी त्या गल्लीत शिरली, आणि मग दोन्ही बाजूंना नुसती बंद शटरं. मी तिच्या कमरेवर आपटत होते, अर्धी, आणि वाजत होते. नको वाजूस, नको वाजूस, असं मी स्वतःला बजावत होते. तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आणि लगेच दुसरी भीती : आता काय पिणार?

वळणावर एक बाई इडलीची बंडी झाकत होती. शेजारच्या कारखान्याचा वॉचमन तिला “पद्मावती, जल्दी कर” म्हणत फाटकाच्या आत गेला, म्हणून नाव कळलं. तिने केतकीला पाहिलं.

“बिड्डा, अकेली कां जाती? अम्मा कां है?”

केतकी एक पाऊल मागे सरकली.

“घर कां है? नाना का नाम क्या?”

नाना म्हणजे तेलुगूत बाबा. केतकीने ओठ घट्ट मिटून घेतले. मला उमगत होतं ती काय करतेय. नियम पाळतेय.

पद्मावतीची नजर माझ्यावर गेली. ठिगळावरून तिने बोट फिरवलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. फुलांच्या कापडाने काय होतंय! माझा आकार तिने आधी पाहिला होता.

“ये पोलीसवालों का बोतल है,” ती हळूच म्हणाली. “हमारे गाँव में आते थे. उनके पीछे वो लोग आते थे, पूछने को.” तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. आता ही निघून जाणार, असं मला वाटलं. गेली असती तर मी तिला दोष दिला नसता.

गल्लीच्या टोकाला तरुणांचं टोळकं आलं. काठ्यांनी शटरं वाजवत, उरलीसुरली दुकानं बंद करत. पद्मावतीने झटक्यात मला केतकीच्या गळ्यातून काढलं आणि पदराखाली कमरेला खोचलं. तिच्या पोटाचा थरथराट मला बनातीतून जाणवत होता. जंगलात मी पुष्कळ माणसांच्या अंगाला लागून राहिले, पण एवढं थरथरणारं कुणी नव्हतं, आणि एवढं जागेवर उभं राहिलेलंही.

“बंडी बंद कर, अम्मा.”

“कर रई, देखते नई क्या?”

“ये कौन?”

“मेरी पोट्टी.”

त्याने केतकीच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं, टायकडे पाहिलं. पद्मावतीच्या फाटक्या चपलांकडे पाहिलं. मग कुणीतरी पुढून हाक मारली आणि ते गेले.

पद्मावतीने मला बाहेर काढलं आणि आपल्या हंड्यातून भरलं. काठोकाठ. केतकीने घेतलं नाही. पद्मावतीने आधी स्वतः एक घोट घेऊन दाखवला. तरी नाही. पोरीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पी गं, असं ओरडावंसं वाटत होतं मला. मी पाण्याने भरलेली, तोंडाला लावलेली, आणि तिने तोंड फिरवलेलं. माझ्या आयुष्यात याच्याहून वाईट काही झालेलं नाही.

शेवटी पद्मावतीने तिच्या पट्ट्याचं बक्कल पाहिलं. त्यावर शाळेचं चिन्ह होतं. “चल,” म्हणाली, मला पुन्हा पदराखाली घेतलं आणि केतकीचा हात धरून शाळेची वाट धरली.

फाटकाशी नीलिमा होती. त्या दिवशी तिच्या वेळापत्रकात ‘उशिरा’ होतं, म्हणून ती बारा वाजता आली होती आणि शाळेला लागलेलं कुलूप पाहत होती. लुना आडवी पडलेली, एका पायात चप्पल, गिरीशला कुठून फोन करावा तर सगळे बूथ बंद. केतकी दिसताच ती धावली नाही. तिथेच रस्त्यात बसली आणि हात पसरले.

पद्मावतीने मला तिच्या ओटीत ठेवलं. “बोतल छुपा को रखो, अम्मा.”

“कहाँ रहते आप?” नीलिमाने विचारलं. “मैं आऊँगी, मेरे मिस्टर भी...”

पद्मावतीने मान हलवली. घर तिनेही सांगितलं नाही. आली होती त्या वाटेने झपाझप निघून गेली.

त्यानंतर मला कुणी भरलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कोठीच्या बाजारातून लाल नळीची बाटली आली. मी माळ्यावर आहे, जुन्या स्वेटरांच्या बोचक्याशेजारी. बनातीला कसर लागली आहे. तक्रार नाही. मागणं विचाराल तर एकच : मला खाली काढून कुणाच्या पोराच्या गळ्यात पुन्हा अडकवू नका. जंगलातली अक्कल जंगलात ठीक असेल. तीही आहे की नाही, मला आताशा नक्की सांगता येत नाही.

पण माझं शेवटचं पाणी कुणी प्यायलं ते सांगून जाते. फाटकाशी, आईच्या हातून, केतकीने मला तोंडाला लावलं आणि एका दमात रिकामी केलं. पाणी हनुवटीवरून टायवर गळत होतं. नीलिमा एका हाताने तिची पाठ चोळत होती, दुसऱ्याने स्वतःचे डोळे पुसत होती.

“अगं, केवढी चांगली बाई होती ती! इतक्यांदा विचारलं तिनं. घर कुठे, एवढं तरी सांगायचंस ना गं राणी!”

केतकीने बाहीने तोंड पुसलं. तिचे डोळे चमकत होते. शाबासकी मिळणार हे ठाऊक असलेल्या मुलाचे चमकतात तसे.

“मारलं असतं ना आई,” ती म्हणाली, “तरी मी सांगितलं नसतं.”