न उघडलेला खण

आमच्या यांना उघडता येणार नाही असं कुलूप अजून कुणी बनवलेलं नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बावीस वर्षं शेजारी बसून किल्ल्या बनवतेय, कामाची पारख मलाही आहे. पण आमचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी नशेच्या गोळ्यांपायी गेला, तेव्हापासून दुकानात एक पाटी आहे : ‘मुलांचा खण उघडून हवा असेल, तर मूल घरी असताना बोलवा.’ लोक हसतात. हसू देत. पाटी वाचून आजवर एकतीस घरांनी यांना बोलावलंय, आणि मी पाटीवर धूळ बसू देत नाही.

त्या दिवशी दुपारी एक शिक्षिका आल्या. मुलगी सोळा वर्षांची. दिवसभर झोपते, अभ्यासात घसरली, टेबलाच्या खणाला कायम कुलूप.

“चार वाजता ती क्लासहून येते,” बाई म्हणाल्या, “त्याआधी उघडून द्या.”

“मग चारलाच येतो,” हे म्हणाले.

बाई तणतणतच गेल्या, पण पावणेचारला त्यांचाच फोन आला. यांचा नियम असा की मुलीचं घर असलं की मीही सोबत जायचं.

खिडकीजवळ टेबल होतं. खणाचं कुलूप तर यांच्या हातचा मळ. पण हे हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन जावयासारखे ऐटीत बसून राहिले.

“अहो, एका मिनिटाचं काम आहे तुमचं!” बाई कळवळल्या.

“अर्ध्या,” हे म्हणाले आणि पाणी प्यायले.

मुलगी आली. पिशवी पाहताच तिचा चेहरा लाल झाला. “आई, तू कुलूपवाला आणलास?”

यांनी उठून पिशवी दाराबाहेर ठेवली. “पोरी, मी काही उघडणार नाही. एक गोष्ट सांगतो आणि जातो. माझ्या मुलाला अठराव्या वाढदिवसाला मी खोलीच्या दाराला आतून कडी बसवून दिली. मोठा झालास, म्हटलं. वर्षभरानं तो त्याच दाराआड गेला. मी बाहेरून धक्के मारत होतो. दार निघेना. कडी चांगली बसवली होती मी.”

हे वाक्य मी याआधीही कितीतरी मुलींच्या घरांत ऐकलंय.

मुलीनं खांद्यावरचं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, “तुम्ही विचारलं असतं, तर सांगितलं असतं त्यानं?”

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. वाटलं, यांचा हात धरावा आणि सरळ घरी न्यावं.

“माहीत नाही गं,” हे म्हणाले. “मी विचारलंच नाही. तो नसताना दोनदा त्याचा खण उघडला. काही सापडलं नाही, म्हणून निश्चिंत झालो. पण त्याला ते कळलं. त्यानंतर तो माझ्याशी धड बोललाच नाही.”

हे मला ठाऊक नव्हतं. मुलगा गेल्यापासून चार वर्षं एका छताखाली राहून यांनी मला सांगितलं नव्हतं. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

मुलीनं दप्तरातल्या कंपासपेटीतून किल्ली काढली आणि स्वतःच्या हातानं खण उघडला. आत वह्यांखाली एक पुडी, पुडीत पाच गोळ्या.

“सात होत्या. दोन घेतल्या,” ती म्हणाली. “मला भीती वाटते आई.”

बाईंचा हात वर गेला. “मॅडम,” हे म्हणाले, “तिनं उघडलंय. आता ऐका.” हात खाली आला. मग बाई तिला मिठीत घेऊन हमसून रडल्या. हे डॉक्टरांचा नंबर लिहून टेबलावर ठेवत होते.

जिन्यात मी विचारलंच, “मला का नाही सांगितलंत?”

“लाज वाटायची.”

राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण जी लाज या माणसानं बायकोपासून लपवली, ती एका परक्या पोरीसाठी उघडी केली. माझा ऊर भरून आला. पिशवी हे कुणाला उचलू देत नाहीत. मी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनीही ती घेऊ दिली.

खाली बाईंचे शेजारी उभे होते. पिशवीकडे बघून म्हणाले, “काय, उघडलं का कुलूप?”

“यांनी नाही,” मी मान ताठ करून म्हटलं. “पोरीनं उघडलं.”