निळा डबा

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात कसलाही नियम नव्हता, आणि हे तिथे फार कडकपणे पाळलं जाई. आतल्या खोल्यांची दारं काढून त्यांचं एक लांबलचक बैठं टेबल केलेलं होतं. दारं माणसामाणसांत भेद करतात, असं घरधन्याचं मत. कपाटांना कुलपं नव्हती, भिंतीवर घड्याळ नव्हतं. ‘आई’ आणि ‘बाबा’ हे शब्दही हुकूमशाहीतले म्हणून बाद झाले होते. आईला नदी म्हणायचं, बाबांना ढग. मुलींना अशी काव्यमय नावं द्यायला मात्र कुणाला सवड झाली नव्हती. अकरा वर्षांच्या मोठीला सगळे ताई म्हणत. तीन वर्षांची चिमी म्हणे ते ठीक; पण नदी आणि ढगही म्हणत, आणि गालिच्यावर लोळणारे चाळिशीतले पाहुणेही. “ताई, जरा पाणी दे ना.”

त्या दिवशी सकाळी ताईने रोजच्यासारख्या खिडक्या उघडल्या. कपांतली थोटकं केरात टाकली, कप धुतले. मग गालिच्यावर झोपलेल्या प्रत्येकाच्या नाकाशी हाताची पाठ धरून बघितली. श्वास येतोय ना, एवढंच. एकदा एका पाहुण्याचा येत नव्हता. तेव्हापासून हे काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. बाकी कुणी ते मागितलंही नव्हतं.

स्वयंपाकघरात दोन डबे होते. पिवळ्यात मोठ्यांची बिस्किटं; ढग ती गांजा घालून घरीच भाजे. निळ्यात साधी. कुलपाची सोय नसल्याने ताईने चिमीला पढवून ठेवलं होतं: भूक लागली की निळा, पिवळ्याला हात नाही. ती शाळेत असताना चिमीला जेवायला वाढण्याची आठवण कुणाला राहीलच असं नव्हतं. निळ्यातलं शेवटचं बिस्कीट चिमीच्या हातात देऊन ताई शाळेत गेली.

दुपारी परतली तेव्हा चिमी टेबलाखाली झोपलेली होती. हाक मारली, उठली नाही. फ्रॉकवर काळपट भुगा होता. ताईने स्वयंपाकघरात जाऊन निळा डबा उघडला. त्यात पाच बिस्किटं होती.

“ढग, निळ्या डब्यात काय ठेवलंस?”

“पिवळ्यात मावेनात.” ढग भिंतीला टेकून बसला होता. “डब्याडब्यांत कसला भेद करायचा, ताई?”

“चिमी उठत नाहीये.”

“झोपू दे की. किती शांत दिसतेय बघ. आम्हाला इतकी वर्षं जमलं नाही ते हिला एका दुपारी जमलं.”

दोन पाहुणे हसले. ताईने चिमीच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, पण एक आल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. तिने चिमीला खांद्यावर टाकलं आणि जिना उतरायला लागली.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मशीन थांबवलं. “काय गं, आज काय झालं?”

आज, म्हणाल्या. वाचकांनी हा शब्द बाजूला काढून ठेवावा.

काकूंनीच टॅक्सी थांबवली. तेवढ्यात नदी अनवाणी धावत आली आणि मुलींशेजारी बसली. ती रडत होती, नाही असं नाही. पण रडता रडताच म्हणाली, “हॉस्पिटलात काही बोलू नकोस हं, ताई. बोललीस तर तुम्हा दोघींना दोन ठिकाणी ठेवतील. तुझ्याशिवाय ती झोपत नाही ना?”

बिननियमाच्या घरात हा एक नियम होता: बाहेर बोलायचं नाही.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. “पडली होती? काही खाल्लं?”

“काही नाही,” नदी म्हणाली. “नुसती दमलीय.”

“मग मेंदूज्वर असू शकतो. पाठीतून पाणी काढून बघावं लागेल.” त्या नर्सकडे वळल्या. “सुई तयार ठेवा.”

नर्सने चिमीला कुशीवर वळवून फ्रॉक वर केला. नदीचा हात ताईच्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला. “ताई, सांग ना बाईंना. पडली ना ती?”

ताईने उघड्या पाठीकडे बघितलं.

“नाही पडली,” ती म्हणाली. “गांजाची बिस्किटं खाल्लीत. ट्रेमध्ये चोवीस होतात, ट्रे मीच घासते. पिवळा डबा सकाळी रिकामा होता, त्यात सोळा मावतात, म्हणजे निळ्यात आठ गेली. आता पाच आहेत. पाहुणे निळ्याला हात लावत नाहीत.”

“तीन,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि सुई मागे गेली. “कुणी दिली?”

“कुणी नाही. निळ्यातली खायची, असं मीच शिकवलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीने डोळे उघडले. तोवर बालकल्याणच्या बाई वही घेऊन आल्या होत्या. “घर मोडलंस, ताई,” असं नदी तिला दोनदा म्हणून गेली होती. ढग आलाच नाही. पाहुण्यांना एकटं सोडणं त्याला बरं वाटेना.

“दोघींना एकत्र ठेवाल ना?” ताईने विचारलं.

“प्रयत्न करू,” बाई म्हणाल्या. असल्या उत्तराची किंमत ताईला ठाऊक होती.

बाहेर काकू त्या बाईंना सांगत होत्या, “आम्हाला काय कल्पना?” जिन्यातला वास त्या पाच वर्षं उदबत्तीने मारत आल्या होत्या. शाळेतल्या बाईंना कल्पना नव्हती. मूल बाकावर झोपतं, म्हणून त्यांनी शेवटचा बाक दिला होता. त्या गालिच्यावर बसून मुलांच्या स्वातंत्र्यावर लेख लिहिणाऱ्यांनाही नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातून पाणी पिताना ‘किती समजूतदार आहे’ म्हणून आपण सगळेच तिला शाबासकी देतो. त्या शाबासकीने आपलं काम वाचतं, हे तेवढं म्हणत नाही.

नर्सने बिस्किटांचा पुडा आणला, फोडला, एक चिमीपुढे धरलं. ताईने ते मधल्यामध्ये घेतलं आणि स्वतः खाल्लं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

“अगं, तिला दे ना,” नर्स म्हणाली. “नवा पुडा आहे. तुझ्यासमोरच फोडला.”

“हो, बघितलं मी,” ताई म्हणाली. “पण एक तास थांबू या.”