पाठीवरची बोटं

तिसऱ्या राउंडमध्ये परमिंदरचं कोपर माझ्या डाव्या डोळ्यावर बसलं आणि आत काहीतरी सरकलं. दुखणं नंतर आलं. आधी त्या डोळ्यापुढे गढूळ पाणी साचलं. पापणी उघडी होती, हलतही होती, पण समोरची बाई गेली आणि तिच्या जागी एक पांढरट डाग उरला. मी त्या डागाला सणसणीत गुद्दा हाणला. तो चुकला. डागाने मला उलट दोन हाणले आणि ते मात्र बरोब्बर बसले.

मी आरोही टिपणीस, राहणार गिरगाव. दिवसा बँकेत ऑफिसर, संध्याकाळी लोकांना मारते आणि मार खाते. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवली, हात कुणी उगारला नाही. बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, हिचं जिमचं काहीतरी असतं. तर हे जिमचं काहीतरी म्हणजे लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या हॉलमध्ये जाळीचा पिंजरा, आत दोन बायका, आणि लाथ, बुक्की, कोपर, गुडघा, गळा आवळणं सगळं माफ. पाच राउंड. जिंकेल तिच्या कमरेला चॅम्पियनचा पट्टा. गेल्या वर्षी तो माझ्या हातून गुणांवर निसटला होता. या वर्षी तो मला हवा होता म्हणजे हवाच होता.

का हवा, हे विचारायला आयोजकांनी कॅमेरा घेऊन एक पोरगी पाठवली होती. गोड होती बिचारी. तिला माझ्याकडून रडकी गोष्ट पाहिजे होती. घरची गरिबी होती का? नव्हती. वडील मारायचे का? बाबांनी आयुष्यात झुरळ मारलं नाही. मग कुणी छेड काढली होती का? एकाने काढली होती, त्याचा हात मोडला, विषय संपला. शेवटी मी तिला खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, मी गोविंदा पथकात कायम खालच्या थरात होते, मला एकदा वर काय चालतं ते बघायचंय. तिने ते कापून टाकलं आणि माझा घाम पुसतानाचा फोटो लावला. परमिंदरलाही हाच प्रश्न विचारला होता. ती पतियाळाकडची, माझ्याहून वीतभर उंच. वजन करायच्या रांगेत ती मला म्हणाली, "पता नहीं यार. मारने में मज़ा आता है, बस." मला ती तिथेच आवडली.

पण माझं उत्तरही खोटं नव्हतं. चौदाव्या वर्षीच मी अंगाने दणकट, त्यामुळे आमच्या मुलींच्या पथकात माझी जागा ठरलेली. सगळ्यात खाली, गोल करून, खांद्यात खांदे अडकवून, मान खाली घालून उभं राहायचं. वर एकावर एक थर चढतात, मानेवर कुणाच्या टाचा, कानात रस्त्यावरचा कल्ला, आणि तुम्हाला दिसतात फक्त स्वतःचे पाय. वर शिडशिडीत ऋग्वेदा हंडी फोडायची, सगळं गिरगाव तिच्याकडे बघायचं. मला ती फुटल्याचं कळायचं अंगावर दही सांडलं की. इतकी वर्षं उभी राहिले, एकदाही फुटताना बघितली नाही. फोन वर धरून काढलेले व्हिडिओ बघितले, पण ते काय, ते शेजारणीनेही बघितले.

आमची ट्रेनर लीलामावशी. विमा कंपनीत आयुष्यभर टायपिंग करून रिटायर झालेली, साठीला आलेली, आवाज असा की चिराबाजारातले कोळी वचकून असतात. खालच्या थरातल्यांना वरचं काही दिसत नाही म्हणून तिने पाठीवरच्या खुणा बसवल्या होत्या. आमच्या मागून फिरत ती पाठीवर बोटं मारायची, जितकी बोटं तितके थर चढले. आणि मणक्यावरून तळवा खाली ओढला की उतरा. त्यावर वाद नाही, रडारड नाही, हंडी हातभर राहिली तरी नाही. तो हात फिरला की गुडघे हळूहळू वाकवायचे. दरवर्षी मी तिला विचारायची, मावशी, कशी फुटली? दरवर्षी तिचं एकच, "फुटली एकदाची. चल, पाणी पी." मला राग यायचा. एवढं बघायला मिळतं हिला, आणि सांगायला जीभ झिजते.

मी पिंजऱ्यात उतरायला लागले तेव्हा मावशी हट्टाने माझ्या कोपऱ्यात आली. कोच अवधूत, भोईवाड्याचा, बोलायला तुसडा पण हाताला गुण असलेला. तो जखमा बघणार, डावपेच सांगणार. मावशीने माझ्या मागे उभं राहून मानेवर बर्फाची पिशवी धरायची.

तिसरा राउंड संपल्याची घंटा झाली, मी स्टुलावर आदळले. अवधूत भुवईवरच्या चिरेत बोळा कोंबत म्हणाला, "तिन्ही तिचे. लांबून खेळू नको, चिकट तिला." तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी माझा चांगला, उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्यापुढे हात धरला.

"किती बोटं?"

मला बोटं काय, हातसुद्धा दिसत नव्हता. नुसता पांढरा डाग, त्यांच्या हातमोज्याचा. गेलं सगळं, म्हटलं. लढत थांबवणार, पुन्हा बँकेत बसून वर्षभर लोकांच्या सह्या तपासणार. इतक्यात पाठीवर, बर्फाच्या पिशवीखाली, बोट टेकलं. एकदा. दुसऱ्यांदा.

"दोन," मी म्हणाले.

डॉक्टर गेले. मी वळून मावशीकडे बघितलं नाही.

चौथ्या राउंडमध्ये माझी वाट लागली. डावीकडून येणारं काहीच दिसत नव्हतं आणि परमिंदरला ते अर्ध्या मिनिटात कळलं. कळल्यावर ती काय सोडते. डावीकडून लाथ, डावीकडून हुक, पुन्हा लाथ. एक बरगडीवर बसली आणि माझा श्वास आतल्या आत तुटला. मी वाकले तर गुडघा तोंडावर आला, दात ओठातून आरपार गेला, तोंडात रक्ताची गरम चूळ भरली. नाक मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला, सुकी काटकी मोडावी तसा. मी ती चूळ गिळली, कारण थुंकायला वेळ नव्हता. मग मीही आंधळ्यासारखी उजवा फिरवला आणि तो तिच्या नाकाडावर असा बसला की तिचं रक्त माझ्या कपाळावर उडालं. खरं सांगते, फार बरं वाटलं. लोक म्हणतात जिद्द, संघर्ष, देशाचं नाव. असेलही. पण दुसऱ्याचं नाक मुठीखाली सपाट होतं तेव्हा जे वाटतं ते कुणी कॅमेऱ्यापुढे बोलत नाही, परमिंदर सोडून.

तिने मला जाळीवर दाबलं आणि राउंड संपेपर्यंत कोपराने कपाळ सोलून काढलं. आता उजव्या डोळ्यातही रक्त उतरत होतं. स्टुलावर बसले तेव्हा मांड्या थाडथाड उडत होत्या.

"चारही तिचे," अवधूत म्हणाला. "पाचव्यात झोपवलंस तर पट्टा. नाहीतर चल घरी."

डॉक्टर पुन्हा आले. उजवा झाकला. डाव्यापुढे पांढरा डाग.

"किती?"

मी पाठीवर बोटांची वाट बघत राहिले. मावशीचा हात होता तिथे, थंडगार. तो हलेना. मग त्याने बर्फाची पिशवी सोडली, मानेखाली सपाट टेकला आणि मणक्यावरून सावकाश खाली आला. पार कमरेपर्यंत.

उतरा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं त्या हाताचं ऐकलं होतं. खांदा निखळला असताना ऐकलं, हंडी हातभर राहिली असताना ऐकलं, आणि ऐकत राहिले म्हणूनच कधी काही बघितलं नाही. माझे गुडघे तर खरंच सैल पडायला लागले होते, शरीराला सवयच ती. मी जिवाच्या कराराने त्या डागाकडे बघितलं. मघाचा दोन बोटांचा डाग अरुंद होता. हा पसरट होता, जवळजवळ तळहाताएवढा.

"चार," मी म्हणाले.

डॉक्टर क्षणभर थांबले, मग बाजूला झाले. मागून मावशी फक्त "आरोही" म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती कधी बोलत नाही. मी उठले.

पाचव्यात मी पहिलं मिनिटभर फक्त मार खाल्ला. डावा गेलेला, उजवा रक्ताने चिकटलेला. अर्धवट दिसण्याने उलट घोटाळा होत होता, डोळा एक सांगायचा आणि ठोसा दुसरीकडून यायचा. मग डोकं फिरलं आणि मी दोन्ही डोळे मिटून घेतले. मान खाली घातली आणि सरळ तिच्यात घुसले. वाटेत तीन-चार बुक्क्या बसल्या, एकीने जबडा हलला, पण मी तिच्यापर्यंत पोचले. माझं डोकं तिच्या हनुवटीखाली, माझे हात तिच्या पाठीमागे, खांद्यात खांदा. आणि एकदम सगळं ओळखीचं झालं. पायांखाली जमीन, वर कल्ला, समोर काळोख. इथे मी चौदा वर्षांची असल्यापासून राहत होते.

ती धडपडत होती, माझ्या मोडक्या बरगडीत गुडघे हाणत होती. मी प्रत्येक गुडघा मोजल्यासारखा खाल्ला आणि तिचं वजन कुठल्या पायावर जातंय याची वाट बघितली. ते आपोआप कळतं. माझ्या खांद्यांवर पोरी चढल्या आहेत, कुणाचा पाय लटपटतोय हे मला न बघता कळतं. तिने उजवा गुडघा उचलला, सगळा भार डाव्यावर आला, आणि मी तो डावा पाय खालून उडवला.

आम्ही दोघी धाडकन पडलो. ती खाली. मी चाचपडत तिच्या चेहऱ्यावर कोपर उतरवलं, एक, मग आणखी, मग मोजले नाहीत. हाताला चिकट लागत होतं. चेहरा वाचवायला ती पालथी वळली, ती चूक झाली तिची. मी पाठीवर चढले, पाय तिच्या कमरेत अडकवले, आणि हात गळ्याखाली सरकवला. तिने हनुवटी दाबून धरली. मी मनगटाच्या हाडाने तिचा ओठ दातांवर घासला, घासत राहिले, शेवटी हनुवटी उचलली गेली. मग आवळलं.

ती माझ्या हातावर ओरबाडत होती. हार मानायची तर नुसती थाप द्यायची असते, पण ती देईना. मीही सैल सोडेना. तिच्या गळ्यातली शीर माझ्या दंडावर धडधडत होती, मग मंद झाली. तिचे हात गळून पडले आणि घोरल्यासारखा एक आवाज आला. रेफ्रीने माझी बोटं एकेक करून सोडवली.

मग काय झालं ते मला ऐकू आलं तेवढंच सांगते. खूप आरडाओरडा. अवधूतने मला बगलेत धरून उभं केलं. परमिंदर शुद्धीवर आली आणि शोधत येऊन तिने मला मिठी मारली, म्हणाली, "अच्छा मारा." कुणीतरी माझा हात वर केला. कमरेला काहीतरी गार, जड, रुंद बांधलं आणि मागे बटणं लागली. मी उजवी पापणी बोटांनी उघडायचा प्रयत्न केला. ती उघडली नाही, सुजून टम्म झाली होती. डाव्या डोळ्यात नुसते दिवे वितळल्यासारखे पसरले होते. हॉलभर माणसं त्या पट्ट्याकडे बघत होती आणि मी पुन्हा दही अंगावर सांडायची वाट बघत होते. मला हसू आलं आणि ओठ आणखी फाटला.

हॉस्पिटलमध्ये दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून निजवलं. डाव्याचा मागचा पडदा सुटलाय, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू पण आशा धरू नका. उजवा येईल. ते गेल्यावर खोलीत मावशीच्या बांगड्यांचा आवाज तेवढा राहिला.

"मी हात फिरवला होता," ती म्हणाली.

"कळलं होतं."

"कळलं होतं, आणि तरी." तिच्या बांगड्या वाजल्या. "पहिल्यांदा बोटं मारली ती मीच. तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय."

"मावशी, जाऊ दे ना. मला सांग, पट्टा कसा आहे?"

ती माझं पांघरूण सारखं करायला लागली. मला जुना राग आला, इतका की बरगडी दुखली. म्हटलं, "हेच. दरवर्षी हेच. फुटली एकदाची, पाणी पी. एवढं समोरून बघायला मिळतं तुला, जरा सांगितलंस तर काय जातं तुझं?"

"मी कुठे बघितला गं," मावशी म्हणाली. "तू पाय टेकतेस की पडतेस ते बघत होते. आणि हंडी तरी मी कधी बघितली? सगळं गिरगाव वर बघतं. मी खाली बघते, तुमच्या पायांकडे. कुणाचे गुडघे थरथरले की हात फिरवायचा असतो. इतक्या वर्षांत एकदाही फुटताना बघितली नाही मी. तुला काय सांगणार होते?"

मी हात पुढे केला, तिने तो धरला. दोघी रडत होतो. माझ्या पट्ट्या ओल्या झाल्या म्हणून ती मला ओरडली.

मग पर्स उघडल्याचा आवाज आला. चष्म्याच्या घडीची टिकटिक. माझ्या पायाशी ठेवलेला पट्टा तिने उचलून मांडीवर घेतला, तो जड असल्यामुळे तिच्या तोंडून हळूच "आई गं" निघालं.

"थांब," मावशी म्हणाली. "नीट बघून सांगते."