बिनहळदीची आमटी

मंदाकिनीनं बिनहळदीची आमटी वाटीत वाढली आणि ताट निरुपमाच्या टेबलावर ठेवलं. निरुपमानं ते भिंतीकडे सरकवलं.

"मला कावीळ झालेली नाही."

"हळू बोल. गंगाबाई भांडी घासतेय."

"मग तिलाच घाल."

फायनल इयरच्या दुसऱ्या पेपरला निरुपमा कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठून आली, त्याला आज बारा दिवस झाले. तेव्हापासून झोप नाही, वेणी नाही, खोलीबाहेर पाऊल नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. तिच्या वडिलांनी, जगदेवरावांनी, ती कपाटात कुलूपबंद केली आणि त्याच संध्याकाळी गोत्री भागातल्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीत कावीळ जाहीर केली. मग पथ्य आलं. कुणी भाजलेले चणे आणून दिले, कुणी गंडा बांधणाऱ्याचा पत्ता. ताटात हळद दिसली तर गंगाबाई चार घरी सांगेल, म्हणून आमटीही पांढरी.

"आज शुक्रवार," मंदाकिनी दारातून म्हणाली. "पाचची वेळ दिलीय त्या डॉक्टरांनी."

"तिथं बाहेर बाकावर ताटकळत बसतात लोक." हॉलमध्ये जगदेवरावांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "उद्या हिच्या लग्नाच्या वेळी कुणी ओळख दिली म्हणजे? तीस वर्षांच्या नोकरीत मला एक मेमो नाही, आणि ही पेपर टाकून येते! कावीळ म्हटली की निदान बरी होते."

"आई, दार लाव," निरुपमा आतून ओरडली. "नाहीतर त्यांचं तोंड लाव."

तेवढ्यात शेजारच्या कोकिलाबेन उसाच्या रसाचा गडू घेऊन आल्या आणि कुणी अडवायच्या आत थेट खोलीत गेल्या. त्यांनी निरुपमाची हनुवटी धरली, खिडकीकडे वळवली आणि अंगठ्यानं पापणी खाली ओढली. डोळे सुजलेले होते. पण पांढरे स्वच्छ.

जगदेवराव दाराशी येऊन उभे राहिले. "हवे सारुं छे. उतरत आलीय."

कोकिलाबेननी पापणी सोडली. केसांची बट तिच्या कानामागे सारली.

"मारा दिलीपने पण आवो ज कमळो थयेलो," त्या म्हणाल्या. मग निरुपमाला नीट कळावं म्हणून मोडक्या मराठीत, "माझ्या पोराला पण अशीच कावीळ झालेली, एन्जिनियरिंगच्या दुसऱ्या वरसाला. आम्ही पण महिनाभर ऊसच पाजला. महिना फुकट गेला."

निरुपमानं मान वर केली.

"मग?"

"मग दवाखान्यात नेला. त्याचा पप्पा बाहेर बसायचा."

"आमच्याकडे तसलं काही नाही, कोकिलाबेन," जगदेवराव तुटकपणे म्हणाले.

"ना ना. तमारे तो कमळो छे." गडू तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

मंदाकिनीनं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात आली. आमटी पातेल्यात परत ओतली. कढल्यात तेल तापवलं, मोहरी तडतडू दिली. मग मिसळणाच्या डब्यातून चमचाभर हळद घेतली.

गंगाबाईचा घासता हात थांबला.

"बाई, हळद?"

"हो. नीरूला कावीळ नाही." आवाज हॉलपर्यंत जाईल इतका तिनं मुद्दाम चढवला. "पाच वाजता मी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेतेय. विचारलं कुणी, तर सांग."

फोडणी आमटीत चर्रकन पडली.

हॉलमध्ये खुर्ची करकरली. मग कपाटाच्या कुलपात किल्ली फिरली.