कार्डावरच्या दोन सह्या

मित्रांनो, मी एक जुने पॅराशूट आहे. माणसाला घेऊन आभाळातून अलगद उतरणारे ऐटबाज भाऊबंद वेगळे. मी विमानाच्या शेपटीत घडी होऊन बसणारे, ब्रेकचे पॅराशूट. आवाजालाही मागे टाकणारे ते छोटेखानी लढाऊ विमान धावपट्टीवर टेकले, की मी मागे फुलायचे आणि त्याला आवरून धरायचे. कौतुक वैमानिकाचे व्हायचे, माझ्या वाट्याला धूळ यायची. तरी ते दिवस आठवले की अजून जीव हुरहुरतो.

चंदीगडच्या तळावर सुट्या भागांच्या खोलीत आम्ही राहायचो. टायर, पंप, रबरी सील आणि मी. माझी घडी घालायचे सार्जंट चारुदत्त मोहिते, मूळचे कराडचे. लांब टेबलावर पसरून ते माझी शिवण न् शिवण बोटांनी तपासत, लोखंडी हुकाने दोऱ्या ओढून मला पिशवीत बसवत आणि माझ्या कार्डावर सही करत. ज्याची सही, त्यानेच पिशवी पुन्हा उघडायची, असा तिथला रिवाज होता.

सत्त्याऐंशी सालची ती दुपार. पंजाब दहशतवादाने होरपळत होता. शहरात संचारबंदी होती, ती चारला दोन तासांसाठी उठणार होती. तळावरून शहरात जाणारी एकच बस, पावणेचारची. मोहित्यांची तीन वर्षांची वीणा तापाने फणफणली होती आणि घरी सुनेत्रावहिनी एकट्याच होत्या. मोहित्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्यांनी घाईघाईने सहा पॅराशूट बांधली, सह्या ठोकल्या आणि हत्यारे मोजली. एक हूक कमी भरला.

तो माझ्या पोटात होता. मला टोचत होता, पण सांगणार कसे?

"मोहिते, तुम घर जाओ यार," वॉरंट ऑफिसर गुरदीप सिंग म्हणाले. "टेबल के नीचे गिरा होगा. मैं ढूँढ लूँगा."

मोहिते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "नहीं सर. साइन मेरे हैं. कल कोई इन्हीं के भरोसे उतरेगा."

त्यांनी पाच पिशव्या उघडल्या. काही मिळाले नाही. बाहेर बसचा हॉर्न वाजला. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. आता हे निघणार, मी मनात म्हटले, आणि उद्या मी ऐन वेळी फाटणार. बस गेल्याचा आवाज आला. मोहित्यांनी माझी गाठ सोडली. हूक टेबलावर ठणकन पडला.

गुरदीप सिंग मघाशीच शेजारच्या खोलीत फोन करायला गेले होते. शहरात दोघांची घरे एका भिंतीची, आणि त्यांची बायको सतवंत घरीच होती. "चार बजते ही सतवंत वीणा को डॉक्टर के पास ले जाएगी," ते येऊन म्हणाले. "अब आराम से बाँधो." हिंदू-शीख शेजारीही एकमेकांवर विश्वास ठेवायला कचरत, असे ते दिवस होते. मोहित्यांनी मान हलवली आणि डोळे पुसून मला पुन्हा पसरले.

दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीवर झकास फुलले. वीणाचा तापही उतरला.

आता मी विटले आहे. बाद झाल्यावर मोहित्यांनी रीतसर परवानगी काढून मला घरी आणले. चंदीगडजवळच्या झिरकपूरला घराच्या गच्चीवर ते मला सावलीसाठी बांधतात. "नानू, ये टेंट कहाँ से लाए?" वीणाची मुले विचारतात. मग नानू माझे कार्ड काढून दाखवतात. त्यावर एकाच तारखेच्या दोन सह्या आहेत. पहिली म्हणजे नुसता फराटा, दुसरीतले अक्षर न् अक्षर वाचता येते.

मित्रांनो, मोजणी कमी भरली आणि बस सुटत असली, तरी सहावी पिशवी उघडून बघा. ती सहावी पिशवी मी होते.