घरी पाठवायचं नाही

“सिस्टर, आईला फोन करा ना,” मुलगी बेसिनवर वाकूनच म्हणाली.

सिस्टरनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं. पण फोनला हात लावला नाही. शाळेच्या या दवाखान्यात फुटलेले गुडघे आणि मुरगळलेले पाय बघण्यात तिचा जन्म गेला होता. नववीतली ही मुलगी मात्र चाचणी असली की हमखास यायची. ताप नाही, अपचन नाही. आई येऊन घेऊन जायची आणि संध्याकाळी पोरगी ठणठणीत.

“पेपर हातात आला की काय होतं?”

“अक्षरं हलतात. पोटात कालवतं.”

“आणि घरी गेलं की?”

“थांबतं सगळं.” मुलगी जरा घुटमळली. “पण पुढच्या पेपरला आदल्या दिवसापासूनच सुरू होतं.”

“म्हणजे घरी जाण्याचं औषध तुला बाधतंय,” सिस्टर म्हणाली. “आजपासून ते बंद. वर्गात ढकलणार नाही, पण घरीही पाठवणार नाही.”

मुलगी रडली, रुसली. सिस्टर बधली नाही.

पेपर बुडाल्याचं बाईंकडून कळताच शाळा सुटायच्या वेळी आई तणतणत आली. “आमच्या घरात असलं कुणाला काही नाही. अभ्यास नको म्हणून नाटकं आहेत नुसती!”

“ताई, उद्याच्या पेपरचं नाव काढा आणि तिचा हात धरून बघा.”

आईनं धरला. हात बर्फासारखा गार, तळवा घामानं ओला. आईनं तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सिस्टर आणि मुलगी परीक्षेच्या रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसू लागल्या. आधी नुसत्याच. मग गणिताच्या बाईंकडून जुने पेपर आणले. सिस्टरनं स्वतःसाठीही एक घेतला, चष्मा सारखा केला आणि डोकं खाजवत बसली. तिला एकही गणित सुटेना. मुलगी तोंडावर हात धरून हसली.

“हस, हस. मला आलं नाही म्हणून छत कोसळलं का?” सिस्टर म्हणाली. “अक्षरं हलली तर पेन खाली ठेव. पाय जमिनीला टेकव. श्वास सावकाश सोड. येतील जागेवर. जाऊन जाऊन जायचंय कुठं त्यांना?”

कधी जमायचं, कधी मुलगी पेपर टाकून पळायची. सिस्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉलमध्ये हजर.

वार्षिक परीक्षेला गणिताच्या दिवशी मुलगी हॉलच्या दारापर्यंत आली आणि तोंड दाबून मागे पळाली. सिस्टर बेसिनपाशी पोचली तेव्हा ती बेसिनची कड धरून उभी होती. आत पेपर वाटून झाले होते. इतका पांढराफटक चेहरा सिस्टरनं फारसा पाहिला नव्हता. आपण जास्तच ताणलं की काय, असं तिला वाटून गेलं.

“फोन करू?” तिनं विचारलं. या वेळी ती खरंच करणार होती.

मुलीनं बाहीनं तोंड पुसलं. “नको. उशीर होतोय,” म्हणाली आणि निघाली.

सिस्टर व्हरांड्यात उभी राहिली. आत मुलीनं दोनदा पेन खाली ठेवलं, दोनदा उचललं. शेवटची घंटा होईपर्यंत ती जागची उठली नाही.

निकालात गणितात जेमतेम पास झाली. आईनं फोन करून सांगितलं.

नव्या वर्षी पहिल्या चाचणीच्या सकाळी सिस्टर सारखी दाराकडे बघत होती. घोळणा फुटलेली एक चिमुरडी तेवढी आली. सिस्टरनं तिचं नाक चिमटीत धरलं आणि मान पुढं झुकवली. तेवढ्यात व्हरांड्यातून दहावीच्या मुली भांडत गेल्या.

“अगं, उत्तर उणे येतं, उणे!” ओळखीचा आवाज तावातावानं म्हणत होता.

आवाज दारापाशी थांबला नाही, जिन्यावरून वर गेला.

“गेली का ती?” चिमुरडीनं नाकातून विचारलं.

“कोण?”

“तुम्ही बघताय ती.”

“गेली,” सिस्टर म्हणाली. “तू मान खाली ठेव.”