कायमचे बंद

बॅगवाल्याला इंटरनेट शिकायचं नव्हतंच. त्याला चार माणसांत बसायला जागा हवी होती, पण असं कोणी कबूल करतं का? वाचनालयात ज्येष्ठांसाठी फुकट वर्ग निघाल्याचा कागद दिसला, तेव्हा दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो निघाला. वाटेत स्वतःलाच म्हणाला, "काळाबरोबर चालायला हवं." ऐकणारं दुसरं कोणी नव्हतंच.

दुकान म्हणजे एक टेबल, एक शिलाई मशीन आणि खिळ्यांना टांगलेले चेनचे रनर, पट्टे, सुटकेसची चाकं. एके काळी तिथे बॅगा ठेवायला जागा पुरत नसे. कोणाची चेन अडकलेली, कोणाचं चाक निखळलेलं, आणि प्रत्येकाला उद्याच प्रवासाला निघायचं असायचं. बायको गेली आणि त्यानंतर गिऱ्हाईकही हळूहळू आटलं. आता तो दिवसभर माशा मारत बसे. माशाही फार नव्हत्या.

हे मुलाला ठाऊक नव्हतं. मुलगा दूरच्या शहरात होता, दर रविवारी फोन करायचा.

"काम कसं चाललंय बाबा?"

"मान वर करायला फुरसत नाही."

आई गेली तेव्हा मुलगा "चला माझ्याकडे" म्हणून हटून बसला होता. तेव्हाही बॅगवाल्यानं हेच वाक्य पुढे केलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं. पुढे ते खोटं झालं, पण आता कोणत्या तोंडानं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत त्याला कोणाशी मोठ्यानं बोलायची वेळ येत नसे.

वर्ग ग्रंथपाल बाई घ्यायच्या. पहिल्या दिवशी बॅगवाल्यानं माउस हातात घेतला आणि आधी उलटा करून चाकं कुठे आहेत ते पाहिलं. शेजारी बसणारी निवृत्त नर्स इतकी हसली की तिचा चष्मा घसरला. त्याला राग आला नाही. कोणीतरी आपल्याला हसतंय, हेही बऱ्याच दिवसांनी घडत होतं.

"आज ज्याला जे हवं ते विचारा," एके दुपारी बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही असं विचारा की ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे. म्हणजे हा कॉम्प्युटर खरं बोलतो की थापा मारतो, ते कळेल."

बॅगवाला एकेक अक्षर हुडकत लिहू लागला. सप्रेम नमस्कार. बॅगेची चेन दुरुस्त करणारे जवळपास कोणी आहे का? उत्तराची वाट पाहतो. कळावे.

"अहो काका, मायना कशाला? तो काय तुमचा व्याही आहे?"

"कोणाकडे काही मागायचं तर चार शब्द गोड बोलावेत," तो म्हणाला आणि बाईंनी दाखवलेलं बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. कधी नाव न ऐकलेली दोन-तीन दुकानं, आणि सगळ्यांत खाली त्याचं. पाटीवर होतं तस्संच नाव! त्याची छाती फुगली. नर्सबाईंना दाखवावं म्हणून त्यानं बोट ठेवलं, तेव्हा नावाखालची तांबडी अक्षरं दिसली. कायमचे बंद.

"काका, तुम्ही दुकान बंद केलंत?" ग्रंथपाल बाईंनी वाकून विचारलं.

"बंद? अहो, आत्ता तर अर्धं शटर ओढून आलोय!"

बाई म्हणाल्या, "लोक हल्ली फोनमध्ये बघूनच बाहेर पडतात काका. इथे बंद दिसल्यावर कोण येणार?"

इतके दिवस तो दैवाला बोल लावत होता, स्वतःच्या म्हातारपणाला लावत होता. आणि इथे कोणीतरी जिवंतपणीच त्याचा बारावा-तेरावा उरकून मोकळं झालं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. "हे त्या वरच्या दुकानवाल्यांचंच काम! दाखवा, कोणी केलं ते दाखवा."

"ते नाही कळत. पण फोटो टाकलाय कोणीतरी." बाईंनी फोटो मोठा केला.

शटर पूर्ण खाली होतं. त्यावर चिकटवलेल्या कागदावर त्याचंच अक्षर होतं: घरी दुःखद घटना घडल्यामुळे दुकान बंद आहे. बायको गेली त्या दिवशी त्यानं तो लावला होता. फोटोच्या कोपऱ्यात टाकणाऱ्याचं नाव होतं, तीन शब्दांचं. मधला शब्द त्याचं स्वतःचं नाव होतं.

"हे बदलता येतं," बाई हळूच म्हणाल्या. "दुकान चालू आहे असं कळवू का?"

"थांबा जरा," म्हणून तो बाहेर व्हरांड्यात आला आणि त्यानं मुलाला फोन लावला. रविवार नव्हता. बोलायचे चार खरमरीत शब्द त्यानं ओठांवर तयार ठेवले होते.

"बाबा? बरं आहे ना तुम्हाला?"

"माझं दुकान कायमचं बंद आहे म्हणे."

मुलगा घाईघाईनं बोलू लागला. "बाबा, ऐका. आई गेल्यावर तुम्ही पुन्हा त्या मशीनवर वाकून बसलात. मला बघवेना. वाटलं, नेटवर दुकान बंद दाखवलं आणि कामं जरा कमी झाली तर याल इकडे आपणहून. चुकलंच माझं. पण त्याचा काही उपयोगही झाला नाही ना. तुमची गर्दी काही हटेना. दर रविवारी तुम्ही तेच सांगायचात, मग मी त्याचा विचारच सोडून दिला."

ओठांवरचे शब्द जिथल्या तिथे राहिले. रागवायला हक्काचं माणूस सापडलं होतं, आणि ते माणूस त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून बसलं होतं. त्याला रडू आलं. वय झाल्यापासून त्यानं ते आवरायला शिकून घेतलं होतं, आज आवरेना.

"गर्दी नाही रे," तो म्हणाला. "कोणी येत नाही. खूप दिवस झाले."

"कोणीच?"

"कोणीच."

मुलाचा आवाज एकदम लहान झाला. "मग दिवसभर तुम्ही करता काय बाबा?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. खोटं उत्तर तयार नव्हतं.

"बसतो," तो म्हणाला. "कोणी आलंच, तर मी तिथे असायला नको?"